उत्सवाला जाताना गव्हाणीत काय टाकाल?

पौषात हिवरा आश्रमला विवेकानंद जयंतीचा उत्सव भरतो. पुरी-वांग्याच्या भाजीच्या महाप्रसादाला मेहकर तालुक्यातली गावंच्या गावं लोटतात. गोठ्यातल्या जनावरांचं मग दिवसभर कसं?

गाईच्या चार कप्प्यांच्या पोटातला पहिला कप्पा शंभर लिटरहून मोठा असतो. त्यातले सूक्ष्मजीव कडबा हळूहळू आंबवतात, गाय तोच घास तोंडात आणून पुन्हा चावते. दिवसातले सात-आठ तास ती रवंथच करते. म्हणून भरपेट वैरण खाल्लेली गाय बराच वेळ निवांत राहते. कुट्टी लवकर संपते. अख्खी पेंढी ओढून, मोडून खाण्यात वेळ जातो. निघताना थोड्या पेंढ्या जास्त टाकाव्यात. सोयाबीनचं कुटार दिलंत तर आधी हात घालून बघा: बुरशीचा वास आला, तर ते टाकून द्यायचं.

खरी चूक होते ती ढेप-भरड्यात. ‘संध्याकाळचंही आत्ताच घालू’ म्हणून दुप्पट दिलं, की पोटात आम्ल झपाट्याने वाढतं, रवंथ थांबतो, जनावर दगावूही शकतं. ढेप रोजच्याइतकीच द्या.

कोरड्या चाऱ्यावर पाणी जास्त लागतं. दावं टाक्यापर्यंत पुरतंय ना, तेवढं बघून निघा.