मोहरी भुशात का जाते?



गेल्या वर्षी आम्ही गव्हात मोहरीचे पट्टे घेतले होते. मळणीला गव्हाचेच मळणीयंत्र आले. मोहरी पोत्यात थोडीच भरली. आबा म्हणाले, "यंदा पीकच हलकं आलं." पण पहिला पाऊस पडला आणि भुशाच्या ढिगावर मोहरीची हिरवीगार रोपे उगवली! पीक हलके नव्हते. आमची मोहरी वाऱ्यावर गेली होती.

म्हणून मी यंत्राची माहिती करून घेतली. ड्रम शेंगा फोडतो, पंखा भुसा उडवतो आणि हलणाऱ्या चाळण्या काड्या व दाणे वेगळे करतात. आजी वाऱ्याला उभी राहून उफणते, तेच काम पंखा करतो. भुसा हलका म्हणून लांब जातो, दाणा जड म्हणून जवळ पडतो.

पण गव्हाचा एक दाणा मोहरीच्या साधारण दहा दाण्यांएवढा भरतो. गव्हाला योग्य असलेला वारा मोहरीला उडवून नेतो. शिवाय गव्हाच्या चाळणीची भोके मोठी. त्यातून मोहरीबरोबर काड्यांचे तुकडेही खाली येतात.

यावर उपाय असे :

१. पंख्याच्या बाजूच्या झडपा थोड्या लावून वारा कमी करावा.

२. चाळणी बारीक, गोल भोकांची बसवावी.

३. पीक वाळलेले असावे आणि थोडे थोडे, सारखे घालावे. एकदम कोंबले तर भुशाच्या थराबरोबर दाणे बाहेर जातात.

४. सुरुवातीलाच भुसा पडतो तिथली ओंजळभर भुशी कापडावर पसरून बघावी. दाणे दिसले तर वारा अजून कमी करावा.

तरी थोडा कचरा राहतोच. त्याला एक गंमत आहे. सूप तिरके धरा. गोल मोहरी घरंगळते, चपटा कचरा मागे राहतो. घरी करून पाहा!

यंदा मी यंत्रवाल्या काकांना हे सांगितले. ते आधी हसले, "पोरी, तू मला शिकवती व्हय?" मग ओंजळभर भुशी बघून त्यांनीच यंत्र थांबवले आणि झडपा लावल्या. यंत्र चालू असताना पट्ट्याजवळ कोणी जायचे नाही, हेही त्यांनी बजावले. तेही लक्षात ठेवा.

यंदाही पाऊस पडल्यावर आबा ढिगाकडे गेले. रोपे मोजकीच होती. आबा म्हणाले, "शाळेत घातली ते बरं झालं."