असगंध: पूड नको, अख्खी मुळी घ्या

पैठणीच्या मागावर महिना-महिना बसणाऱ्या येवल्याच्या विणकराला पाठदुखी नवी नाही. पण मजुरी आणि उधारीच्या काळजीने झोप उडते, ते दुखणे जास्त वाईट. अशा वेळी हकीम आणि वैद्य दोघेही असगंध, म्हणजेच अश्वगंधा, दुधातून घ्यायला सांगतात. युनानीत तिला असगंद नागोरी म्हणतात.

हे निव्वळ ऐकीव नाही. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय चाचणीत 64 तणावग्रस्तांपैकी एका गटाला मुळीचा अर्क 60 दिवस दिला. दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपेक्षा त्यांचा ताण आणि रक्तातील कॉर्टिसॉल जास्त उतरले. चाचणी लहानच होती. आणि उधारी काही असगंधाने फिटत नाही!

आमचे खरे सांगणे अत्तार बांधवांना आहे. माल मुख्यतः मध्य प्रदेशातील नीमच-मंदसौर भागातून येतो. जाड, आतून पांढरी आणि कट्कन मोडणारी मुळी भाव खाते. पाला स्वस्त, म्हणून तो पुडीत मिसळला जातो. एकदा दळले की ओळखणे कठीण. पाने वापरू नयेत, असे आयुष मंत्रालयाने 2021 मध्ये उत्पादकांना कळवले. तेव्हा अख्खी मुळी ठेवावी आणि गिऱ्हाईकासमोर कुटून द्यावी.

गरोदर बाईला मात्र ती देऊ नये. थायरॉइड, मधुमेह किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवावे. काहींच्या यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. डोळे पिवळे दिसले तर असगंध त्याच दिवशी बंद करून दवाखाना गाठावा.