४५ दिवसांचं गवत

पहाटे ४.३०
राहुरी तालुका. मावशी गोठा झाडतात. चार एचएफ गायी दुभत्या, दोन कालवडी. गव्हाणीत रात्रीच्या वैरणीची जाड दांडकी तशीच पडलीत. मावशी एक मोडून बघतात. ‘बांबू झालाय नुसता.’ खालच्या वाफ्यातलं गवत ७० दिवसांचं झालं. आधी पाऊस, मग मजूर मिळेना.

५.१५
मशीनने धार. ३४ लिटर. गवत कोवळं होतं तेव्हा सकाळी ३६ भरायचं. संध्याकाळीही तेवढीच तूट.

६.३०
संकलन केंद्र. फॅट ३.७, एसएनएफ ८.३. काडीमुळे फॅट टिकलं. पण निबर गवत पोटात जागा अडवतं, अंगी कमी लागतं. एसएनएफ ८.५च्या खाली गेला, पैसे कापले.

८.००
वरचा वाफा आज ४७ दिवसांचा. वाण फुले जयवंत, इथल्याच कृषी विद्यापीठाचं. मावशी अर्धी वीत बुडखा ठेवून विळा चालवतात. अगदी जमिनीलगत कापलं तर फुटवे कमी येतात. अंधारातही त्यांचा हात त्याच उंचीवर चालेल. याला कोणी कौशल्य म्हणत नाही, म्हणायला हवं.

शेजारची बाई खालचा वाफा मोकळा करते. दुपारपर्यंतचे ३०० रुपये.

११.००
कुट्टी. पात्याला धार लावायचे ५० रुपये कालच गेले. दोन भारे कोवळे, एक निबर, सगळं बारीक. लसूणघास सुकवलेला, ओला जास्त झाला तर पोट फुगतं. उरलेलं निबर कालवडींना.

दुपारी ४.००
‘आत्याबाई, पेंड वाढवू का?’ सून विचारते. गायीमागे किलोभर, म्हणजे दिवसाला चार किलो. ५० किलोची गोणी १७०० रुपये. मावशी बोटांवर मोजतात: पेंडीचे १३६ रुपये. गेलेलं दूध चार लिटर, ३२च्या दराने १२८.
‘नको. गवत बदललंय. चार दिवस बघू.’

६.००
दुसरी धार. दूध सकाळच्याच बेताचं. एका दिवसात फरक पडत नाही.

रात्री १०.००
या आठवड्यात वीज रात्रीची. कापलेल्या वाफ्यांत युरिया फेकून झालाय. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना. मावशी बॅटरी घेऊन पाणी धरतात. सुनेने कॅलेंडरवर ४५ दिवस मोजून खूण केली. त्या तारखेसाठी शेजारच्या बाईला आजच सांगून ठेवलंय.