जागचा न हलणारा फिरस्ता

फार तर अडीच सेंटिमीटरचा शिंपला. डोकं नाही, डोळे नाहीत, आणि एकदा बसला की सहसा जागा सोडत नाही. तरी कॅरिबियन समुद्राकाठचा हा रहिवासी 1967 साली विशाखापट्टणमच्या बंदरात सापडला आणि पुढच्या दशकात मुंबईच्या नौदल गोदीतही. एवढा पल्ला त्यानं गाठला तरी कसा?

त्याचं नाव मायटिलॉप्सिस सॅली. दिसायला थेट कोकणातल्या शिणाण्याचं पिल्लू. पण गंमत बघा, नात्यानं तो शिणाण्यांपेक्षा तिसऱ्यांना जवळचा! तिसऱ्या वाळूत रुतून राहतात, हे महाशय मात्र खडकाला, खांबाला, दोरखंडाला चिकटून. वेगळ्या घराण्यात जन्मून शिणाण्याचं रूप आणि सवयी दोन्ही उचलल्या.

हे चिकटणं जवळून पाहण्यासारखं असतं. शिंपला किलकिला होतो, त्यातून मऊ, लांबट पाय बाहेर येतो आणि खांब चाचपतो. जागा पसंत पडली की पाय तिथंच दाबून धरतो. पायाच्या तळाला एक बारीक खाच असते. ग्रंथींमधून पाझरलेला प्रथिनांचा रस तिच्यात भरतो आणि साच्यातल्या कुल्फीसारखा घट्ट होतो. पाय उचलला की मागे उरतो एक धागा, टोकाला चपटी चकती. मग शेजारी दुसरा, तिसरा. आणि हे सगळं पाण्याखाली! घरातला डिंक ओल्या फरशीवर लावून बघा, म्हणजे या करामतीची किंमत कळेल.

फिरण्याचं काम पिल्लांकडे. नर-मादी शुक्रबीजं आणि अंडी पाण्यातच सोडतात. त्यातून निघालेल्या सूक्ष्म अळ्या केसांसारखी लव हलवत काही दिवस तरंगतात. रिकामं जहाज तोल सावरायला टाक्यांत समुद्राचं पाणी भरतं, त्यात त्याही शिरतात. मोठे शिंपले जहाजाच्या तळालाच धागे बांधून बसतात. म्हणजे चिकटून बसणं हाच त्यांचा प्रवास! वाटेत पाणी बदललं तरी अडत नाही: जवळजवळ गोड्या पाण्यापासून समुद्राहून खारट पाण्यापर्यंत सगळं चालतं. आणि नव्या बंदरात अळी टेकली की महिनाभरात वयात येते.

या वेगाचा हिसका ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला बसला. सप्टेंबर 1998 च्या पाहणीत तिथल्या मरिनांत, म्हणजे होड्यांच्या गोद्यांत, यातला एकही शिंपला नव्हता. मार्च 1999 मध्ये पाणबुडे उतरले तर चौरस मीटरला हजारोंचा थर! इंजिन थंड ठेवणाऱ्या नळ्या यांनी बुजतात, मोत्यांच्या शेतीलाही धोका. पण एक नशीब. डार्विनला भरती-ओहोटीतला फरक अफाट, म्हणून मरिनांना झडपांची दारं होती. ती बंद केली आणि आतल्या पाण्यात ब्लीच अन् मोरचूद ओतलं. शिंपले मेले, त्यांच्यासोबत आतलं बाकीचं जीवनही. बाहेर पडलेल्या शेकडो होड्या हुडकून तपासल्या. खर्च 20 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांच्या वर. जड हातानं केलेलं काम खरं, पण शिंपला तिथून समूळ गेला. मुंबईची खाडी उघडी, तिला कुठून दार लावणार?

डार्विनला परदेशी होडीची आता मरिनात शिरण्याआधी तपासणी होते. नुसता तळ पाहून भागत नाही, समुद्राचं पाणी ओढणाऱ्या नळ्यांतही औषध सोडतात.