गाडी सारखी, म्हणून संधी सारखी?

आपल्या वऱ्हाडातला शंकरपट पाहिलाय ना? प्रत्येकाची बैलजोडी वेगळी. मग पट कोणी मारला, बैलांनी की धुरकऱ्याने, यावर पानटपरीवर दोन दिवस चर्चा! मोटार रेसिंगमध्येही हाच वाद आहे. सगळ्यांना एकसारखी गाडी द्यावी, की ज्याने त्याने आपली बनवावी?

फॉर्म्युला वनमध्ये प्रत्येक टीम स्वतःची गाडी बनवते. परिणाम बघा. जेन्सन बटनला २००८ च्या अख्ख्या सिझनमध्ये फक्त ३ गुण मिळाले. २००९ मध्ये तोच बटन पहिल्या ७ पैकी ६ शर्यती जिंकला आणि वर्ल्ड चॅम्पियन झाला! बदलली होती ती गाडी. नवं इंजिन, आणि गाडीला ट्रॅकवर दाबून धरणारा ‘डबल डिफ्युझर’.

मग सारख्या गाड्या दिल्या की झाला न्याय? फॉर्म्युला टूमध्ये सगळ्यांना डलाराची चासी आणि मेकाक्रोमचं इंजिन मिळतं. मुंबईच्या जेहान दारुवालाने २०२० मध्ये साखिरला इथली शर्यत जिंकली. अशी शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय. पण गाडी सारखी असली, तरी ती सेट करणारे इंजिनिअर आणि सिम्युलेटरवरचे तास सारखे नसतात. शिवाय गाडीत बसायलाच कोट्यवधींचं पाठबळ लागतं.

ओळखीचं वाटतंय? नीटचा पेपरही सगळ्यांना सारखाच. पण एक जण अकोल्यात रूम करून क्लास लावतो, दुसरा पातूरहून रोज एसटीने अप-डाऊन करतो. मार्क कमी पडले की आपण लगेच स्वतःला ‘ढ’ ठरवतो. धुरकऱ्याला दोष देण्याआधी जोडीला चारा काय मिळाला, हेही बघायला हवं ना?

इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी २००७ पासून होणाऱ्या ‘बाहा एसएई इंडिया’ स्पर्धेने मधली वाट काढली. पेट्रोल गाड्यांना इंजिन एकच ठरवून दिलं, बाकी गाडी मुलांनी स्वतः डिझाइन करायची. त्यामुळे महागड्या इंजिनाच्या जोरावर कोणी पुढे जात नाही आणि डोकं चालवायला रान मोकळं राहतं.

म्हणून पुढच्या वेळी कोणी म्हणालं, “पेपर तर सगळ्यांना सारखाच होता,” तर शांतपणे विचारा, “आणि तयारी?”