हौशी कवींची स्पर्धा : आधी कविता गोळा करूया, मग नंबर काढूया



फेब्रुवारी लागला की शाळाशाळांत लगबग सुरू होते. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणजेच आपला मराठी भाषा गौरव दिन. ग्रंथदिंडी, शुद्धलेखन, वक्तृत्व यांच्या जोडीला हमखास असते ती स्वरचित काव्यलेखन स्पर्धा. आता बऱ्याच ठिकाणी मुलांबरोबर आईवडील, आजीआजोबा आणि गावातल्या मंडळींनाही तिच्यात भाग घेता येतो. फार चांगली गोष्ट आहे ही. पण अशी स्पर्धा घ्यायची कशी? आणि मुळात कशासाठी घ्यायची? आज याबद्दल थोडं बोलूया. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

नियम क्रमांक चार

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत अशी स्पर्धा होती आणि तिचं नियमपत्रक मी तयार केलं होतं. चौथा नियम होता : 'कविता स्वतःच्या हस्ताक्षरात असावी.' सहावीतल्या एका मुलीनं आपल्या आजीची कविता आणून दिली. आजीला लिहिता येत नव्हतं. तिनं सांगितली आणि नातीनं वहीच्या पानावर उतरवून घेतली. मी नियमावर बोट ठेवलं आणि कागद परत केला. "आजींना सांग, छान आहे, पण स्पर्धेत नाही घेता येणार." मुलगी काही न बोलता गेली.

पुढे जून-जुलैत वर्गात बहिणाबाई चौधरींची ओळख करून देत होतो. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं, शेतात आणि घरात राबताना त्या ओव्या गात, मुलानं आणि नात्यातल्या मंडळींनी त्या टिपून ठेवल्या, असं सांगत होतो. तेवढ्यात तीच मुलगी उठून म्हणाली, "सर, मग बहिणाबाईंनी तरी स्वतःच्या अक्षरात कुठं लिहिलं होतं?"

वर्ग हसला. मला मात्र उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला तो कागद आणायला सांगितला. पण परत केलेला कागद तिनं ठेवलाच नव्हता. आजीला विचारलं, तर ती म्हणाली, "आता नाही गं आठवत." ती कविता गेली ती गेलीच. मलाही तिच्यातली एकच गोष्ट आठवते, तिच्यात जात्याचा आवाज होता.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालं आहे. हौशी कवींच्या स्पर्धेचं पहिलं काम कविता गोळा करण्याचं आहे, निवड नंतरची. निवड थोडी चुकली तर पुढच्या वर्षी दुरुस्त करता येते. हरवलेली कविता मात्र परत मिळत नाही.

'हौशी' म्हणजे कमी प्रतीचा?

आपल्याकडे 'हौशे, नवशे, गवशे' असं एका दमात म्हटलं जातं, त्यामुळे 'हौशी' शब्दाला उगाचच हलकेपणा आला आहे. खरं तर हौशी कवी म्हणजे ज्याचं पोट दुसऱ्या कामावर आहे आणि जो मनाच्या ओढीनं कविता लिहितो तो. या अर्थानं पाहिलं तर आपले बहुतेक थोर कवी हौशीच होते.

आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते केशवसुत पेशानं शाळामास्तर होते. १९०५ साली ते गेले आणि त्यांचा कवितासंग्रह निघाला तो त्यानंतर. नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई होते, पुढे शिक्षक झाले आणि १९९५ साली परभणीच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या. त्यांची गाणी पुस्तकरूपानं आली ती १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. त्यांचे चिरंजीव सोपानदेव स्वतः कवी होते, त्यांनी ती जपली म्हणून ती उरली. आज जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे.

एका शाबासकीची गोष्ट

याच जळगावात १९०७ साली पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं होतं. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. हे पेशानं डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्राचे मोठे अभ्यासक. भारतीय औषधी वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ आजही नावाजला जातो. या संमेलनात धरणगावचा एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा कविता म्हणायला उभा राहिला. त्याचं नाव त्र्यंबक बापूजी ठोंबरे. त्याची कविता ऐकून कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' ही पदवी दिली.

पुढे १९१८ साली रेल्वेच्या अपघातात हा कवी गेला, तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचाही झाला नव्हता. हाती मिळाली ती जेमतेम दहा-अकरा वर्षं. आज त्यांचं मूळ नाव फार जणांना आठवत नाही, 'बालकवी' मात्र शाळेत गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. भरल्या सभेत मोठ्या माणसांनी एका मुलाचं नीट ऐकून घेतलं आणि मोकळ्या मनानं शाबासकी दिली. आपल्या स्पर्धेतला प्रत्येक मुलगा बालकवी होणार नाही, हे उघड आहे. पण नीट ऐकून घेणं तर आपल्या हातात आहे ना?

मग स्पर्धा घ्यायची कशी?

१) नियम कमीत कमी ठेवा. कविता स्वतःची हवी, एवढा एक नियम पुरेसा आहे. लिहून दिली, दुसऱ्याला सांगून लिहवून घेतली किंवा मोबाईलवर म्हणून पाठवली तरी चालेल, असं पत्रकातच छापा. घरची बोली चालेल, हेही लिहा. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी बोलणारा माणूस 'शुद्ध' शब्द शोधायला लागला की त्याची कविता तिथेच अडखळते.

२) विषय नेमका द्या. 'निसर्ग' किंवा 'आई' दिलंत तर शंभर कवितांत तेच डोंगर, तीच नदी आणि तीच मायेची सावली येणार. त्याऐवजी 'आमच्या घरातली सर्वांत जुनी वस्तू', 'पाणी येण्याची वेळ', 'आईची चप्पल' असे विषय देऊन पाहा. मुलं आधी खिडकीबाहेर पाहतात आणि मग लिहितात.

३) घाट समजावून सांगा, पण सक्ती नको. स्पर्धांमध्ये अष्टाक्षरी, चारोळी, हायकू असे प्रकार असतात. हायकूत तीन ओळींत अनुक्रमे पाच, सात, पाच अक्षरं. अष्टाक्षरीत प्रत्येक ओळीत आठ. अक्षरं मोजताना जोडाक्षर एकच धरायचं, मात्रा-वेलांटी वेगळी मोजायची नाही. 'पुस्तकाच्या पानामध्ये' ही ओळ मोजू : पु, स्त, का, च्या, पा, ना, म, ध्ये. बरोबर आठ. आता 'आईच्या हातची भाकर' मोजा. नऊ भरतात. एका मुलानं आठ करण्यासाठी 'आईहातची भाकर' केलं होतं. मोजणी बरोबर झाली, पण असं बोलतं का कुणी? 'आईच्या हाती भाकर' केलं तर अक्षरं आठ होतात, पण अर्थ बदलतो. अशा वेळी मी मुलांना सांगतो, नऊच राहू दे. आधी भाकरी, मग गणित.

४) परीक्षकाच्या हातात लाल पेन देऊ नका. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतातच, त्या छापण्याआधी कवीला शेजारी बसवून दुरुस्त करता येतात. परीक्षकानं प्रत्येक कवितेतली सर्वांत जिवंत ओळ शोधायची आणि ती का आवडली हे एका वाक्यात लिहायचं. 'छान प्रयत्न' हा शेरा नको, तो न वाचताही देता येतो. 'तुझ्या कवितेत बादली रिकामी असताना जास्त वाजते, हे मला आवडलं', असा शेरा वाचूनच देता येतो. मुलाला हा फरक लगेच कळतो.

५) उचलेगिरीचा संशय आला तर चारचौघांत विचारू नका. बाजूला बसवून एवढंच विचारा, "ही ओळ कशी सुचली रे?" स्वतः लिहिणारा दहा मिनिटं सांगत बसतो. ज्यानं उतरवून आणली आहे तो गप्प होतो. त्याला रागवण्यापेक्षा म्हणा, "उद्या तुझ्या चार ओळी आण, कशाही चालतील."

६) नंबर काढा, पण तिथंच थांबू नका. पहिला-दुसरा-तिसरा असू दे, मुलांना ते आवडतं. पण आलेल्या सगळ्या कवितांचं एक हस्तलिखित करा आणि वाचनालयात ठेवा. तिथं प्रत्येक कवीचं नाव असेल. कार्यक्रमात पाहुण्यांचं भाषण दहा मिनिटांनी कमी केलं तर आणखी पाच-सहा जणांना कविता म्हणता येते!

पालकांसाठी थोडंसं

घरी मुलानं कविता दाखवली तर "यमक जुळलं नाही" हे पहिलं वाक्य नको. आधी "पुन्हा एकदा वाच" म्हणा. आणि नंबर आला नाही म्हणून मुलासमोर परीक्षकांना नावं ठेवू नका, त्यानं मूल लिहायचं सोडून नंबरच मोजायला लागतं. जमलं तर तुम्हीही चार ओळी लिहा. मूल तुमची कविता तपासताना फार खूश होतं, हे अनुभवानं सांगतो.

आमच्या पत्रकातला चौथा नियम पुढच्याच वर्षी काढून टाकला. त्या जागी आता लिहिलेलं असतं : 'लिहिता येत नसेल तर सांगा, आम्ही लिहून घेऊ.' दरवर्षी दोन-तीन आज्या येतात. एकजण सांगते, सहावी-सातवीतली मुलं लिहून घेतात, शब्द अडला की दोनदा विचारतात. ती एक जात्याची कविता आमच्या हस्तलिखितात नाही, ती नसल्याची रुखरुख मला आहे. तुमच्या गावात अशी एखादी कविता कुणाच्या तरी ओठांवर अजून असेल. यंदा वही घेऊन तिच्याकडे जा.