सर्बियन माणसं परदेशात गेली की फुटबॉल क्लब का काढायची ?

नवीन पनवेल हे गाव म्हणून वसलेलं नाही. सिडकोने आखलं, सेक्टर पाडले, आणि मग माणसं आली. कोणी साताऱ्याचा, कोणी रत्नागिरीचा, कोणी जळगावचा, कोणी थेट केरळ नाहीतर उत्तर प्रदेशातला. अशा ठिकाणी माणसं स्थिरावली की पहिलं काम काय करतात ? मंडळ काढतात. गणपती बसतो, भजनाचा ग्रुप होतो, मल्याळी मंडळी ओणमला जमतात, बंगाली लोक दुर्गापूजेचा मांडव घालतात. लंडनला गेलेल्या मराठी माणसाने पण हेच केलं, तिथलं महाराष्ट्र मंडळ 1932 सालचं आहे.

आता हाच प्रकार सर्बियन माणसाच्या बाबतीत बघा. तो ऑस्ट्रेलियात गेला, कॅनडात गेला. तिथे त्याने चर्च उभं केलं, एक हॉल बांधला आणि सोबत फुटबॉलची टीम काढली.

सिडनीच्या पश्चिमेला बॉनीरिग नावाचं उपनगर आहे. तिथला बॉनीरिग व्हाइट ईगल्स हा क्लब 1968 सालचा. गंमत म्हणजे त्याच साली, पार पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला टोरंटोमध्ये सर्बियन व्हाइट ईगल्स नावाचा क्लब निघाला. मेलबर्नमध्ये स्प्रिंगवेल व्हाइट ईगल्स आहे. इतक्या लांब लांब राहणाऱ्या लोकांना एकच नाव कसं सुचलं, तर पांढरा गरुड हे सर्बियाचं जुनं राजचिन्ह. दोन डोकी असलेला गरुड. आपल्याकडे परगावी गेलेल्या पोरांनी टीम काढली तर तिचं नाव शिवाजी किंवा जय भवानी ठेवायला जशी मीटिंग घ्यावी लागत नाही, तसंच.

पण हे लोक तिकडे पोहोचले कसे, ते आधी बघायला लागतं.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा युरोपात लाखो माणसं छावण्यांमध्ये अडकून पडली होती. युगोस्लाव्हियात टिटोचं कम्युनिस्ट सरकार आलं होतं. जे सर्ब राजाच्या बाजूने लढले होते त्यांना घरी परतणं म्हणजे तुरुंग नाहीतर गोळी. दुसरीकडे ऑस्ट्रेलियाला माणसं हवी होती. देश मोठा, लोकसंख्या कमी. 1947 पासून पुढच्या पाचेक वर्षांत ऑस्ट्रेलियाने युरोपातल्या छावण्यांमधून सुमारे 1 लाख 70 हजार निर्वासित नेले. अट एकच होती, सरकार जिथे पाठवेल तिथे दोन वर्षं काम करायचं. मग कोणी कारखान्यात, कोणी ऊस तोडायला, कोणी रेल्वेवर. 1949 साली स्नोई माउंटन्समध्ये धरणं आणि बोगद्यांचं अवाढव्य काम सुरू झालं. 25 वर्षं चाललेल्या त्या कामावर 1 लाखाहून जास्त माणसं राबली, आणि त्यातली बहुसंख्य बाहेरच्या देशातून आलेली होती.

भाषा येत नाही. शिक्षण असलं तरी कागद चालत नाहीत. आठवडाभर मान खाली घालून काम करायचं. उरला रविवार.

तिथल्या गोऱ्या माणसांचे खेळ होते क्रिकेट, रग्बी आणि त्यांचा स्वतःचा ऑस्ट्रेलियन फुटबॉल. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो त्यांच्या लेखी परक्यांचा खेळ. त्याला चक्क वॉगबॉल म्हणायचे. वॉग ही दक्षिण आणि पूर्व युरोपातून आलेल्या माणसाला दिलेली शिवी. म्हणजे खेळालाच शिवी चिकटवलेली. त्यामुळे फुटबॉलचं मैदान ही अशी एकच जागा उरली जिथे या माणसांना इंग्रजी न बोलता दीड-दोन तास काढता यायचे.

म्हणून मग क्लब निघाले. ग्रीकांनी साउथ मेलबर्न हेलास काढला, इटालियन लोकांनी सिडनीत मार्कोनी, हंगेरियन लोकांनी सेंट जॉर्ज बुडापेस्ट. युगोस्लाव्ह मंडळींनी 1950 च्या सुमारास मेलबर्नच्या फूट्सक्रे भागात ‘जस्ट’ नावाचा क्लब काढला. युगोस्लाव्ह युनायटेड सॉकर टीम याची आद्याक्षरं जुळवून केलेलं ते नाव.

क्लब म्हणजे फक्त अकरा पोरं आणि एक बॉल असा विषय नव्हता. नवीन आलेल्या माणसाला भाड्याची खोली कुठे मिळेल, कोणत्या कारखान्यात भरती चालू आहे, मुलीसाठी स्थळ आहे का, मेलेल्या माणसाच्या अंत्यविधीला पैसे कोण देणार, हे सगळं मैदानाच्या कडेला ठरायचं. मॅच चालू असताना बाजूला शेगडीवर चेवापी भाजायचे, म्हणजे खिम्याचे छोटे लांबट कबाब. आजही सर्बियन क्लबच्या मॅचला वास त्याचाच येतो.

पैसा उभा करायची पण सोय झाली. न्यू साउथ वेल्स राज्यात 1956 साली क्लबांना जुगाराची यंत्रं ठेवायची कायदेशीर परवानगी मिळाली. मग हॉल, बार, जेवणाची जागा, यंत्रं आणि मागे मैदान असा साचाच पडला. हॉलमधल्या उत्पन्नावर टीम चालायची.

पैसा आला तसे उद्योगही सुचले. या क्लबांनी युरोपातून, खास करून ऑस्ट्रियातून चांगले खेळाडू आणायला सुरुवात केली. मूळ क्लबला बदलीची फी द्यायचीच नाही. हा काय आमचा खेळाडू म्हणून आलेला नाही, स्थलांतरित म्हणून आलाय, आता इथे आल्यावर खेळतोय तर आम्ही काय करणार, असा एकूण पवित्रा. युरोपातल्या क्लबांनी तक्रार केली आणि 1960 साली फिफाने ऑस्ट्रेलियाला थेट निलंबित केलं. पैसे भरून प्रकरण मिटायला 1963 उजाडलं.

पण याच व्यवस्थेतून एक माणूस आला, ज्याने ऑस्ट्रेलियाचा फुटबॉल बदलून टाकला. राले राशिच.

युगोस्लाव्हियातल्या मोस्तार गावी जन्म, अनाथाश्रमात वाढलेला. 1962 साली तो मेलबर्नला आला तो ‘जस्ट’कडून खेळायला. पुढे तो प्रशिक्षक झाला आणि 1970 साली, वयाच्या पस्तिशीत, ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संघाची जबाबदारी त्याच्यावर आली. त्याने हाताशी घेतलेल्या संघात पूर्णवेळ खेळाडू जवळपास कोणी नव्हतंच. बचावफळीतला मॅनफ्रेड शेफर सकाळी घरोघर दूध टाकायचा. उजव्या बाजूला खेळणारा डग उतियेशेनोविच बेलग्रेडमध्ये जन्मलेला, आणि क्लब कोणता, तर हंगेरियन लोकांचा सेंट जॉर्ज बुडापेस्ट. अशा संघाला घेऊन राशिच 1974 च्या वर्ल्ड कपला गेला. ऑस्ट्रेलियाचा तो पहिला वर्ल्ड कप. पूर्व जर्मनीकडून 2-0 ने हरले, यजमान पश्चिम जर्मनीकडून 3-0 ने हरले आणि चिलीशी गोलशून्य बरोबरी केली. देशाच्या इतिहासातला वर्ल्ड कपमधला पहिला गुण तो.

स्पर्धा संपली आणि राशिचचं काम पण संपलं. त्याच्या जागी दुसऱ्या प्रशिक्षकाला आणण्यात आलं. त्यानंतर ऑस्ट्रेलियाला पुढच्या वर्ल्ड कपमध्ये पोहोचायला 2006 साल उजाडलं. 32 वर्षं.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. ती सांगितल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही.

‘जस्ट’ हा युगोस्लाव्ह नावाचा क्लब होता. पण युगोस्लाव्हिया म्हणजे सर्ब, क्रोएट, स्लोव्हेन, मॅसेडोनियन असे सगळे एका छत्राखाली. आणि घर सोडून आलेल्या अनेकांना ते छत्रच मान्य नव्हतं. क्रोएट लोकांनी 1953 साली मेलबर्न क्रोएशिया हा वेगळा क्लब काढला. तेव्हा क्रोएशिया नावाचा स्वतंत्र देश नकाशावर नव्हता, पण मेलबर्नच्या लीगच्या गुणतक्त्यात होता. टिटोला न मानणाऱ्या सर्बांनाही ‘जस्ट’मध्ये करमणं अवघडच होतं. त्यात 1960 च्या दशकात टिटोने सीमा सैल केल्या आणि कामासाठी बाहेर पडणाऱ्या नव्या पिढीची भर पडली. पांढऱ्या गरुडाचे क्लब निघाले ते याच काळात.

मग मैदानावर काय व्हायचं ते सांगायला नको. 1972 साली मेलबर्न क्रोएशियाच्या मॅचमध्ये प्रेक्षकांत इतका राडा झाला की क्रोएशिया क्लबला लीगमधूनच हाकलून देण्यात आलं. नंतर त्यांनी एसेंडन लायन्स नावाचा दुसरा क्लब ताब्यात घेतला आणि पुन्हा मैदानात आले. 1990 च्या दशकात तिकडे युगोस्लाव्हिया रक्तपातात फुटला तेव्हा इकडच्या मैदानांवर पोलीस वाढले. 2005 च्या मार्च महिन्यात सिडनीत बॉनीरिग व्हाइट ईगल्स आणि क्रोएट लोकांचा सिडनी युनायटेड यांची मॅच होती. युद्ध थांबून दहा वर्षं झालेली. तरी समर्थक भिडलेच.

त्यात भांडणाऱ्या पोरांपैकी बरीच जण ऑस्ट्रेलियात जन्मलेली होती. ज्या गावावरून भांडण, ते गाव अनेकांनी पाहिलेलंही नव्हतं.

ऑस्ट्रेलियाच्या फुटबॉल चालवणाऱ्यांनी यावर उपाय काढला, नावंच पुसा. 1990 च्या दशकात राष्ट्रीय लीगमधल्या क्लबांना देशांची, समाजांची नावं आणि चिन्हं काढायला लावली. मेलबर्न क्रोएशियाचं मेलबर्न नाइट्स झालं, सिडनी क्रोएशियाचं सिडनी युनायटेड. साउथ मेलबर्नच्या नावामागचं हेलास गेलं. 2004 साली ती राष्ट्रीय लीगच बंद पडली आणि 2005 मध्ये ए-लीग आली. त्यात नव्याने बनवलेले, शहरांच्या नावाचे संघ. 50 वर्षं खेळ जगवणारे जुने क्लब राज्यांच्या लीगमध्ये खाली राहिले. 2014 साली नियम आणखी कडक केला, नव्या क्लबच्या नावात किंवा बोधचिन्हात वंश, देश, धर्म यातलं काहीही चालणार नाही. मेलबर्न नाइट्सने याच्याविरोधात मानवी हक्क आयोगाकडे धाव घेतली. शेवटी 2019 साली तो नियम मागे घेतला गेला.

कॅनडात पण वेगळं काही नव्हतं. 1976 साली टोरंटोच्या मेट्रोज-क्रोएशिया संघाने उत्तर अमेरिकेची लीग जिंकली, संघात पोर्तुगालचा युझेबियो होता. पण लीगवाल्यांना संघाच्या नावातलं क्रोएशिया खुपत होतं. तीन वर्षांत संघाचं नाव बदलून टोरंटो ब्लिझर्ड झालं. त्याच शहरातला सर्बियन व्हाइट ईगल्स मात्र छोट्या लीगमध्ये राहिला आणि नाव सांभाळून राहिला. 1974 ला विजेतेपद, मग मोठा खंड, 2006 मध्ये पुनरागमन आणि 2008 व 2016 ला पुन्हा विजेतेपद.

नाव ठेवावं की पुसावं हा वाद मराठी माणसाला नवीन नाही. मुंबईत हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन असे धर्मावर संघ पाडून क्रिकेटचे चौरंगी आणि 1937 पासून पंचरंगी सामने व्हायचे. पाचवा संघ ‘इतर’ म्हणजे ‘द रेस्ट’. गर्दी तुफान व्हायची. 1940 साली गांधीजींनी या सामन्यांना उघड विरोध केला, खेळात धर्मावर संघ कशाला असं त्यांचं म्हणणं होतं. 1946 नंतर ते बंद पडले. पण याच सामन्यांत, दलित समाजातून आलेल्या पळवणकर विठ्ठल यांना 1923 साली हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद मिळालं होतं. म्हणजे समाजाच्या नावाचा संघ माणसांना वेगळं करत होता आणि त्याच संघामुळे आतल्या भिंतीला तडाही जात होता. दोन्ही एकाच वेळी.

कोलकात्याचा ईस्ट बंगाल क्लब तर व्हाइट ईगल्सच्या सगळ्यात जवळचा भारतीय भाऊ. 1 ऑगस्ट 1920 ला पूर्व बंगालातून आलेल्या मंडळींनी तो काढला, आणि फाळणीनंतर घरदार सोडून आलेल्या लाखो निर्वासितांचा तो क्लब झाला. हिलसा मासा आणि कोळंबीवरून मोहन बागानवाल्यांशी चाललेलं त्यांचं भांडण आजही मिटलेलं नाही. मिटावं असं कोणाला वाटतही नाही. आपल्याकडे कोल्हापुरात स्थलांतराचा विषय नसला तरी पेठेचा आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ. शाहू स्टेडियमवर बसलेल्या माणसाला बॉनीरिगच्या मैदानावर काय चालतं ते फार समजावून सांगावं लागणार नाही.

राहता राहिला सर्बियन माणूस आणि भारत. तो इथे क्लब काढायला आला नाही, शिकवायला आला. युगोस्लाव्ह प्रशिक्षक मिलोवान चिरिच यांच्या हाताखाली भारत 1984 च्या आशिया कपला पात्र ठरला होता. गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सने 2008-09 ची आय-लीग जिंकली तेव्हा प्रशिक्षक होते सर्बियाचे झोरान जोर्जेविच.

आणि ‘जस्ट’चं काय झालं ? 1977 साली ऑस्ट्रेलियाची पहिली राष्ट्रीय लीग सुरू झाली तेव्हा तो संस्थापक संघांपैकी एक होता. 1989 साली तो लीगमधून बाहेर फेकला गेला आणि संपला. त्यानंतर दोनच वर्षांनी ज्या देशाचं नाव त्याने घेतलं होतं, तो देशही फुटायला लागला.